बायची लाकडी गाडी आणि चार खिळे

ऑगस्टमध्ये नागपंचमीच्या आसपास आमची बाय शाळेतून आली ती दप्तरसुद्धा न काढता सरळ माझ्या शिलाई मशीनपाशी आली आणि समोर एक लाकडाचा ठोकळा ठेवला, सोबत छोट्या पिशवीत चार काळी प्लास्टिकची चाकं आणि चार खिळे. मी एका ब्लाऊजचा गळा फिरवत होते, हात थांबवला. "आये, ह्येची गाडी करूची आसा. इंजिन नाय, बॅटरी नाय, ढकलूचीव नाय. निस्ती उतारावरसून सोडूची, जेची पयली खाली येतली तो जिकलो."

मी म्हटलं गणपतीच्या आधी माका टाइम नाय गो बाय, बघतंस मां किती कापडां पडली आसत ती. आणि ते खरंच होतं. वेंगुर्ल्यात माझं छोटं टेलरिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्या पडवीतच, आणि चतुर्थीच्या आधीचा महिना म्हणजे रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालू असतं. मिस्टर गोव्यात कामाला, पंधरा दिवसांनी येतात. त्यामुळे ही गाडी कोणी करायची तर मी आणि ती, तिसरं कोणी नव्हतं, आणि मी आयुष्यात कधी करवत हातात धरली नव्हती.

बाय चौथीत आहे, शाळेच्या बुलबुल पथकात. कब-बुलबुल म्हणजे स्काउट-गाइडमधले छोटे, मुलगे ते कब आणि मुली त्या बुलबुल. त्यांच्या बाईंनी पालकांना बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं, आणि ते ऐकूनच मला खरं तर यात गोडी वाटायला लागली. ही शर्यत मूळची अमेरिकेतली, तिकडे तिला पाइनवुड डर्बी म्हणतात. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाच्या गावात डॉन मर्फी म्हणून एक गृहस्थ होते, तिथलं कब पथक सांभाळायचे. तिकडे सोपबॉक्स डर्बी असते, मुलं स्वतः आत बसून उतारावरून गाडी सोडतात, त्यात त्यांच्या मुलाला उतरायचं होतं पण वय कमी पडत होतं. मग बापाने डोकं चालवलं की मुलगा गाडीत बसू शकत नाही ना, तर गाडीच एवढीशी करू की ती एकटी धावेल, आणि बापलेकाने घरी बसून करायची. १९५३ च्या मे महिन्यात पहिली शर्यत झाली आणि सत्तर वर्षं उलटून गेली तरी तिकडे अजून चालू आहे. समुद्रकाठच्या गावातच सुरू झालं म्हणजे, हे बायला फार आवडलं, ती दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की तेंच्याकडेव दर्या आसा.

नियम तिकडचेच ठेवले होते. ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड. चाकं आणि खिळे सगळ्यांना सारखेच, बदलायचे नाहीत. तिकडे पूर्ण गाडीचं वजन ५ औंस म्हणजे साधारण १४२ ग्रॅमच्या वर चालत नाही, बाईंनी इथे सरळ १४० ग्रॅम धरलं. फरक एवढाच की पाइनच्या जागी आमचा ठोकळा शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा होता, बाईंनी ते सावंतवाडीहून कापून आणले होते. शिवण हलकी, मऊ, करवतीला त्रास देत नाही, फारशी वाकतही नाही. मेस्त्रीकाकांनी ठोकळा हातात घेतला, नखाने दाबून बघितला, नाकाला लावला आणि म्हणाले, "लाकूड बरा आसा, पण ओला आसा. आधी सुकाक व्हया." 

मेस्त्रीकाका म्हणजे आमच्या घरामागचे सुतार, पंचाहत्तरच्या पुढचे असतील, आता मोठी कामं घेत नाहीत पण हत्यारं अजून रोज पुसतात. पावसात लाकूड सुकवायचं म्हणजे कठीण, बाहेर ठेवलं तर बुरशी धरते आणि चुलीजवळ ठेवलं तर पटकन सुकून तडा जातो, म्हणून त्यांनी सांगितलं की वर्तमानपत्रात गुंडाळ आणि कपाटावर ठेव, दर दोन दिवसांनी पेपर बदल. ते काम बायने केलं, गणपती येऊन गेले तरी पेपर बदलणं चुकलं नाही. आम्ही पहिल्या दिवशी सोनाराकडे जाऊन ठोकळ्याचं वजन केलं होतं, १३१ ग्रॅम, आणि गणपती झाल्यावर केलं तर ११८. तेरा ग्रॅम पाणी गेलं नुसतं. बायने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि सोनारकाकांची सही घेतली त्याच्याखाली, का घेतली माहीत नाही, पण त्यांनी हसत हसत केली.

आता आकार. इथे मला माझं काम उपयोगी पडलं. मी ब्लाऊजचं कटिंग आधी ब्राऊन पेपरवर करते तसं आम्ही गाडीचं पेपर कटिंग केलं, एक बाजूने दिसणारा आकार आणि एक वरून दिसणारा. बायने पाच-सहा चित्रं काढली, एक होडी, एक मासा, एक एसटी. होडी तिला फार हवी होती, पुढे नाळ उचललेली, पण चाकांना जागा कुठे ठेवायची तेच जमेना. शेवटी मासाच केला, बांगड्यासारखा, पुढे निमुळता आणि मागे जाड. शेपूट वगैरे सोडून दिलं. पेपर ठोकळ्यावर चिकटवला, माझ्या मार्किंगच्या खडूने कडेने रेघ मारली आणि मेस्त्रीकाकांच्या शिकंज्यात ठोकळा अडकवला.

पहिली करवत मी धरली. खरं सांगते, मला वाटलं होतं तिच्या हातात करवत कशी द्यायची, नऊ वर्षांची पोर, कापलं-बिपलं तर. चार-पाच वेळा मी पाते पुढेमागे केलं असेल तेवढ्यात काका पडवीतनं म्हणाले, "गाडी कोणाची गो? चेडवाचा काम चेडवाक करूक दी." त्यांनी बायला जवळ घेतलं, तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला, दोनदा ओढून दाखवलं आणि मग हात काढून घेतला. "दाबू नको. करवत आपली आपण खाता. तू निस्ती वड." पाऊण तास लागला तिला एक तिरका काप घ्यायला, मध्ये दोन वेळा दमून बसली, पण काप सरळ आला. मी कापलेला होता तो भाग किंचित तिरका आहे, गाडी समोरून बघितली की अजून दिसतो.

दुसऱ्या कापाला घोळ झाला. नाकाकडे आम्ही फारच पातळ करायला गेलो, तिथे लाकडात एक छोटी गाठ होती ती दिसली नाही, पटाशी लावली आणि सालपट निघावं तसा अर्धा इंचाचा तुकडा उडाला. बाय रडली. माझ्याही पोटात गोळा आला कारण दुसरा ठोकळा मिळणार नव्हता. काकांनी तुकडा जमिनीवरून शोधून काढला, फेव्हिकॉल लावून जागच्या जागी बसवला, वर सुतळी करकचून बांधली आणि एक रात्र ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली तर सांधा बोटाला लागत नव्हता. मग कानस, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग झिरो नंबर. घासायचं काम सगळं तिनेच केलं, तोंडाला रुमाल बांधून, पडवीत बसून, एकीकडे पाढे म्हणत. चार संध्याकाळी गेल्या. 

यात आणि रंगात मिळून आमचे जवळजवळ दहा दिवस गेले आणि मला आज वाटतं तिथेच आमचं गणित चुकलं. ज्याला कोणाला ही गाडी करायची असेल त्याला मी हेच कळकळीने सांगेन की आकाराला दोन दिवस द्या आणि खिळ्यांना आठ द्या. आम्ही उलटं केलं. गाडी उतारावरून येते ती नुसत्या स्वतःच्या वजनाने, वर असताना जेवढी उंची तेवढीच तिची पुंजी, ती पुंजी वाटेत कुठे खर्च होते तर चाकाच्या भोकात खिळा घासतो तिथे, चाक बाजूच्या लाकडाला घासतं तिथे आणि ट्रॅकच्या मधल्या पट्टीला गाडी घासते तिथे. हवेचा अडथळा पण असतो, पण घासण्यातून जातं त्याच्यापुढे आकाराचा फरक थोडाच पडतो. हे मला शर्यतीच्या फक्त आठवडाभर आधी कळलं.

रंगाचं थोडक्यात सांगते. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात ऑइल पेंट मारला, तो तीन दिवस वाळला नाही, बोट लावलं की ठसा. सावंतवाडीला मी अस्तर आणि लेस आणायला जाते तेव्हा बायला तुळसमार्गे जाणाऱ्या एसटीने सोबत नेलं, चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, रंगवलेले पाट ठेवलेले असतात तिथे एका दुकानात तिने गाडी पिशवीतून काढून दाखवलीच. त्यांनी बघितलं आणि म्हणाले लाकूड पुरतं सुकल्याशिवाय रंग देऊच नये, आणि पावसात तर पातळ हात द्यावा, एक वाळल्यावर दुसरा. आमच्याकडे पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे असंही सांगितलं, अगदी हलकं असतं ते. बाय परत येताना एसटीत विचारते, हलकी गाडी जोरात जाता काय जड?

हा प्रश्न मलाही पडला होता. मला वाटायचं हलकी गाडी पळेल. पण बाईंनी सांगितलं की नाही, १४० च्या जेवढं जवळ जाल तेवढं बरं, कारण हवेचा अडथळा हलक्या गाडीला आणि जड गाडीला साधारण सारखाच पण जड गाडी त्याला तेवढी दाद देत नाही. आणि वजन मागे ठेवायचं. का, तर गाडी वर उतारावर उभी असते तेव्हा तिचा मागचा भाग जास्त उंचावर असतो, वजन मागे असलं की ते जास्त उंचावरून खाली येतं. फार मागे ठेवलं तर मात्र पुढची चाकं उचलतात आणि गाडी डुलते. मागच्या आसापासून साधारण एक इंच पुढे गाडी तोलली पाहिजे. मी माझी लाकडी फूटपट्टी उभी धरायची आणि बायने त्याच्या धारेवर गाडी ठेवायची, इकडे झुकते का तिकडे, असं आम्ही बघायचो.

कापून घासून झाल्यावर लाकूड राहिलं ६२ ग्रॅम, चाकं-खिळे मिळून १८, म्हणजे ८०. अजून ६० ग्रॅम घालायचे. तिकडे त्यासाठी शिसं नाहीतर टंगस्टनचे तुकडे विकत मिळतात म्हणे. आमच्याकडे बंदर आहे. ओळखीचे एक काका रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातात, रापणीच्या जाळ्याच्या खालच्या दोरीत शिसं ओवलेलं असतं जाळं तळाला बसावं म्हणून, त्यांच्याकडे जुन्या फाटक्या जाळ्याचं शिसं डब्यात पडलेलं होतं. त्यांनी ओंजळभर काढून दिलं, खारं पाणी खाऊन पांढरट झालेलं. एकेक आठ-साडेआठ ग्रॅमचं होतं, सात लागले. शिशाच्या बाबतीत मी कडक होते, शिसं विषारी असतं, पोरांच्या अंगात गेलं तर डोक्यावर परिणाम होतो, आणि आपल्याकडे गळ टाकणारी पोरं ते दातांनी चावून बसवतात हे मी लहानपणापासून बघितलंय. बायला हात लावू दिला नाही, मी हातमोजे घालून, कानस न लावता, भोकात जसंच्या तसं बसवलं, वरून एमसील भरलं आणि साबणाने दोनदा हात धुतले. भोकं मेस्त्रीकाकांनी गाडीच्या पोटाकडून गिरमिटाने पाडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेलो. काटा म्हणाला १४३. एमसीलचं वजन आम्ही धरलंच नव्हतं आणि रंगाचं पण नाही. तीन ग्रॅम. सोन्यात तीन ग्रॅम म्हणजे केवढं, सोनारकाका म्हणाले, आणि बाय चेहरा पाडून उभी. परत काकांकडे, परत गिरमिट, एमसीलमध्ये आणि मग थोडं लाकडात, थोडं थोडं उकरून काढायचं आणि पळत सोनाराकडे जायचं. चार फेऱ्या झाल्या. शेवटी १३९.८ वर थांबलो, सोनारकाका म्हणाले आता राहू दे, शाळेचा काटा काय दाखवेल कोणास ठाऊक.

मग चाकं बसवली आणि मला वाटलं झालं. पडवीच्या कोब्यावर गाडी ढकलली तर खुर्र आवाज करत दोन हात गेली आणि डावीकडे वळून भिंतीला टेकली.

मी काय केलं, मशीनचं तेल घातलं. माझ्याकडे ती छोटी बाटली कायम हाताशी असते, मशीन अडलं की दोन थेंब, इतक्या वर्षांची सवय. चाक बोटाने फिरवलं की किती सेकंद फिरतं ते बाय मोबाइलवर मोजायची. तेलाच्या आधी चार सेकंद, तेल घातल्यावर सात. खूश झालो. दोन दिवसांनी परत मोजलं तर तीन. चाक काढून बघितलं तर खिळ्याभोवती तेलाचा आणि कापडाच्या तंतूंचा काळा बोळा झालेला. टेलरच्या दुकानात हवेतसुद्धा धागे असतात, ते सगळे तेलाला येऊन चिकटले. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, अहो तेल नको, तेल धूळ धरतं, ग्रॅफाइट वापरा, कोरडं. 

ग्रॅफाइटची पावडर कुलपात घालायला मिळते पण आमच्या इथल्या दोन हार्डवेअरच्या दुकानांत नव्हती. पेन्सिलीचं शिसं म्हणतात ते खरं शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, एच नंबरच्या कडक पेन्सिलीत माती जास्त, बी नंबरच्या मऊ पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त. म्हणून चित्रकलेची ८बी पेन्सिल आणली आणि बायने तिचं टोक झिरो पेपरवर घासून घासून चिमूटभर काळी पूड जमवली, एका रिकाम्या बटणांच्या डबीत. फुंकर मारू नको म्हणून तीन वेळा सांगावं लागलं.

पण पूड घालायच्या आधी खिळे. ते मी या सगळ्यात पहिल्यांदा नीट बघितले. सुई ओवताना मी जशी उजेडाला धरते तसा एक खिळा ट्यूबलाइटला धरला. तो गुळगुळीत नव्हताच. डोक्याच्या खाली दोन्ही बाजूंना साच्याचे दोन उंचवटे, बारीक, पण बोटाच्या पेराला टोचतील असे, आणि दांड्यावर आडव्या रेघा, जात्याला टाकी लावल्यासारख्या. चाक फिरताना या सगळ्यावरून घासत जातं. सुईला असा एक चरा असला तरी रेशमी कापडाचा धागा ओढला जातो, हे मला रोज दिसतं, आणि खिळ्याचं मात्र इतके दिवस लक्षात आलं नाही.

शेजारच्या वायरमनची ड्रिल मशीन मागून आणली, खिळ्याचं टोक तिच्या तोंडात घट्ट केलं, मी मशीन धरायची आणि बायने फिरत्या खिळ्यावर पेपर धरायचा. आधी बारीक कानस डोक्याखालच्या उंचवट्याला, ती मी लावली. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, मग झिरो, झिरो पाण्यात बुडवून, आणि शेवटी भांडी घासायची पितांबरी ओल्या फडक्यावर घेऊन. एक खिळा पाऊण तास. तिसऱ्या खिळ्याला पोरीचा हात असा काही बसला की मला सांगायची गरज पडेना, ती कानाने ओळखायची, खरखर थांबून सूं असा आवाज यायला लागला की पेपर बदलायची. दांड्यावर ट्यूबलाइटची एक सरळ पांढरी रेघ दिसायला लागली, तुटक नाही, अखंड, की झालं. चौथ्या खिळ्याच्या वेळी दहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी सहामाहीचा शेवटचा पेपर होता, आणि मी म्हटलं पुरे आता. तो तेवढा झिरोपर्यंतच आला.

पूड घालून चाक फिरवलं. एकोणीस सेकंद. दुसरं अठरा, तिसरं एकवीस. चौथं अकरा. ते आम्ही पुढे डावीकडे लावलं.

डावीकडे वळायचं दुखणं राहिलं होतं. कोब्यावर मी माझ्या खडूने सहा फुटांची सरळ रेघ मारली, थोडा उतार यावा म्हणून सुरुवातीला पाटाखाली दोन वह्या ठेवल्या, आणि गाडी रेघेवर सोडायची. शेवटी रेघेपासून किती बाजूला गेली ते मोजायच्या टेपने बघायचं. पहिल्यांदा चार इंच. पक्कडीने एका खिळ्याला किंचित पीळ द्यायचा, परत सोडायची. अडीच इंच. परत. उलटं झालं, उजवीकडे तीन. अशी एक पूर्ण दुपार. दुकानात एक बाई साडीला फॉल लावायला घेऊन आल्या होत्या त्या पण खाली बसून बघत राहिल्या आणि इंच सांगायला लागल्या. अर्ध्या इंचावर आल्यावर सोडून दिलं.

शर्यत दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. ट्रॅक प्लायवूडचा, एकूण ३२ फूट, तीन पट्टे, प्रत्येकाच्या मध्ये एक पातळ पट्टी ठोकलेली, गाडीची चाकं तिच्या दोन्ही बाजूंनी जातात म्हणून गाडी भलतीकडे जात नाही. वरचं टोक बाकांवर चढवलेलं चार फुटांवर, पुढचा भाग सपाट. खाली सोडायला बिजागरीची फळी, ती पाडली की तिन्ही गाड्या एकदम सुटतात. शेवटी बाई मोबाइल स्लो मोशनवर लावून बसल्या होत्या. पट्ट्यात फरक असू शकतो म्हणून प्रत्येक गाडी तिन्ही पट्ट्यांवरून धावणार, हे मला फार पटलं.

तेवीस गाड्या होत्या. एसटी होती, तीन होड्या, एक नारळ. एक गाडी इतकी सफाईदार होती की ती कोणा मोठ्याने मशीनवर केलीय हे कोणीही सांगितलं असतं, आणि तिचा मालक पोरगा तिला हात लावायला पण बिचकत होता, सारखा मागे वडिलांकडे बघायचा. मला त्या पोराचं वाईट वाटलं. वडिलांना हौस असते, मलाही पहिल्या दिवशी करवत सोडवत नव्हती, म्हणून मी बाईंना म्हटलं की पुढच्या वर्षी मोठ्यांची एक वेगळी शर्यत ठेवा, अमेरिकेतही काही ठिकाणी ठेवतात, म्हणजे ज्याची हौस त्याच्या गाडीवर जाईल.

बायची गाडी पहिल्या फेरीत तिन्ही वेळा पहिली आली. अडीच-तीन सेकंदांचा खेळ, पण फळी पडते तेव्हा हॉलमध्ये एक क्षण कोणी बोलत नाही आणि चाकांचा आवाज ऐकू येतो, प्लायवूडवरून पाऊस जातो तसा. दुसऱ्या फेरीत दोनदा पहिली, एकदा दुसरी. मेस्त्रीकाका काठी टेकत आले होते, ते मागच्या बाकावर बसून प्रत्येक गाडी खाली आली की फक्त "हं" म्हणायचे.

शेवटच्या तिघांत आली ती. तिथे दुसरी आली. बाईंनी मोबाइल आम्हाला दाखवला, एकेक चित्र पुढे करून, जिंकलेली गाडी बोटाच्या दोन पेरांएवढी पुढे होती. जिंकला तो एक मुलगा, त्याची गाडी म्हणजे नुसती पातळ पट्टी, रंगसुद्धा एकच हात, वडील होडीची इंजिनं दुरुस्त करतात. बाय रडली नाही, ती थेट त्याच्या गाडीपाशी जाऊन उकिडवी बसली आणि गाल जमिनीला टेकवून बघायला लागली. मग मला हाक मारली, "आये, हेचा एक चाक वर आसा!" खरंच, पुढचं एक चाक जमिनीला टेकतच नव्हतं, केसभर वर. त्या मुलाने काही लपवलं नाही, मोकळेपणी सांगितलं की बाबांनी शिकवलं आणि खिळा मी स्वतः वर घेतला, तीनच चाकं टेकली की एका चाकाचं घासणं वाचतं, आणि चौथं चाक फिरवायलाही ताकद जात नाही. नियमात बसतं, चाकं चारच आहेत. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणाले तुमच्या चेडवाचे मागचे खिळे मात्र आमच्यापेक्षा सरस आहेत, मी हात लावून बघितले. हे वाक्य बायने घरी जाईपर्यंत चार वेळा म्हणून दाखवलं.

रात्री जेवण झाल्यावर मी दिवाळीच्या कपड्यांना काज-बटणं करत बसले होते. ती गाडी घेऊन आली, पुढचा डावा खिळा पक्कडीने स्वतःच ओढून काढला आणि माझ्या मशीनच्या दिव्याखाली धरला. फिरवून फिरवून बघितला. "आये, ह्या खिळ्याक अजून रेघ आसा."

मी बघितलं, होती. डोक्याच्या अगदी खाली, अर्धी गोल. म्हटलं झिरो पेपर कपाटात वरच्या खणात आहे, आणि दिवा तिच्या बाजूला वळवला.